अबोल लेकरू आणि घरातील वडीलधारी माणसे



दिवाळी, नाताळ किंवा उन्हाळ्याची सुट्टी आली की आपल्या घरांत पाहुण्यांची ये-जा सुरू होते. मामा येतात, आत्या येते, पुण्या-मुंबईला कामाला गेलेले चुलते चार दिवस गावी येतात. चहा झाला की घरातल्या लेकराला हाक मारली जाते. ‘ये, काकांना नाव सांग. शाळेतली कविता म्हणून दाखव.’ काही लेकरे उड्या मारत येतात आणि एक सोडून तीन कविता म्हणतात. काही मात्र दाराच्या चौकटीला चिकटून उभी राहतात, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतात आणि काही केल्या तोंड उघडत नाहीत. मग कोणी विचारते, ‘काय रे, मूग गिळलेस का?’ आई कसनुसे हसून म्हणते, ‘लई लाजतंय बघा हे.’ सगळे हसतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. लेकराला मात्र ते हसणे पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहते.

प्रसंग अगदी साधा, घरोघरी घडणारा. पण त्यात एक नैतिक प्रश्न आहे आणि तो वाटतो तितका सोपा नाही. लाजाळूपणा हा दोष आहे का? असला तर तो घालवण्यासाठी मोठ्यांनी किती जोर लावावा? आणि नसला, तर त्या लेकराला त्याच्या गप्पपणात तसेच सोडून देणे म्हणजे प्रेम की हयगय?

आधी शब्द नीट करून घेऊ. आपल्या भाषेत गप्प राहणाऱ्याला अनेक नावे आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे. बुजरे लेकरू नव्या माणसाला बुजते, ओळख झाली की खुलते. अबोल लेकराला मुळातच फार बोलायचे नसते आणि त्याला त्याचे दुःखही नसते. मुखदुर्बळाला बोलायचे असते, पण शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी जातात. घुमे लेकरू मनात धरून ठेवते. आणि दबलेल्या लेकराचे तोंड दुसऱ्या कोणीतरी बंद केलेले असते. बाहेरून ही सगळी सारखीच दिसतात. चौकटीला चिकटून उभ्या असलेल्या पाच लेकरांत कोणते कोणत्या जातीचे, हे पाहुण्यांना कळणार नाही. ते ओळखणे घरच्यांचेच काम आहे. मात्र घरचे बहुतेक वेळा ‘लाजतंय’ या एका शब्दावर थांबतात.

अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या चौथ्या भागात लाजेचा विचार केला आहे. लाज हा सद्गुण नव्हे, ती एक भावना आहे, असे तो म्हणतो. त्याचा पुरावा मोठा मजेदार आहे. लाजेने माणसाचा चेहरा लाल होतो आणि मरणाच्या भीतीने तो पांढरा पडतो. म्हणजे दोन्ही गोष्टी शरीरात घडतात. लाज ही भीतीचीच नात्यातली, पण तिचे भय चारचौघांत नाव जाण्याचे. तरुणांना ती शोभते, कारण त्यांच्या हातून चुका होण्याचा संभव जास्त आणि लाज त्यांना आवरते. वयस्क माणसाला मात्र ती शोभत नाही, कारण लाज वाटेल असे त्याने वागूच नये. लेकराची लाज म्हणजे एक कच्चा पण मोलाचा माल आहे, असे या म्हणण्यातून निघते. ज्याला चारचौघांची पर्वा वाटते, त्यालाच पुढे दुसऱ्याच्या मनाची पर्वा करायला शिकवता येते. ज्याला कशाचेच काही वाटत नाही, त्याला शिकवणे किती अवघड असते, हे आपल्यातल्या शिक्षकांना विचारून पाहावे.

आपल्या परभणी जिल्ह्यातच या प्रश्नाचा एक जुना धागा सापडतो. गोदावरीच्या काठचे गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. परंपरा सांगते की ती लहान असतानाच तिला पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या घरी आणून ठेवले. नामदेवांचे मूळ गाव नरसी. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही आपल्याच जिल्ह्यात होते. त्या घरात गोणाई होती, राजाई होती, मुलेसुना होत्या आणि त्यांत हे परक्या घरून आलेले लेकरू. दळण, कांडण, पाणी, शेण, झाडलोट ही कामे तिच्या वाट्याला आली. अशा लेकराला घरातल्या बैठकीत बोलण्याची मुभा नसते. ते कान देऊन ऐकते, कामे करते आणि जे म्हणायचे ते मनात ठेवते. जनाबाईचे ‘मनात ठेवलेले’ बाहेर आले ते जात्यापाशी. आज तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत ती देवाशी भांडते, त्याला कामाला लावते, लाडीगोडी करते, रागे भरते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे जाते म्हणून एक जाते आजही दाखवतात.

या गोष्टीत मला त्या घराचेही नवल वाटते. दासीचे अभंग कोणी ऐकावेत, कोणी जपावेत? पण नामदेवांच्या गाथेत घरातल्या इतर माणसांच्या अभंगांबरोबर जनाबाईचेही अभंग आले. म्हणजे तिच्या जात्याचा आवाज पलीकडे कोणाच्या तरी कानावर पडत होता, आणि तो कान तुच्छतेचा नव्हता. तिला कोणी अंगणात उभे करून ‘म्हणून दाखव’ म्हटलेले नाही. तिच्या बोलण्याची एक जागा होती आणि त्या जागेच्या पलीकडे ऐकणारे होते.

जात्यावरच्या ओव्या हा आपल्याकडे कितीतरी शतके मुखदुर्बळ माणसांचा मोकळा होण्याचा मार्ग होता. सासूसमोर मान वर न करणारी सून पहाटे चार वाजता जात्यावर बसली की भावाला, आईला, देवाला, कधी सासूलाही सारे काही सांगून मोकळी होई. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातील अकराशेहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या लोकांपुढे येत आहेत. जात्यावर बसलेल्या आईच्या किंवा आजीच्या मांडीवर डोके ठेवून लेकरू अर्धवट झोपेत ते ऐकत असे. त्याला कोणी काही शिकवत नव्हते. तरीही घरातले सुखदुःख कसे बोलावे, कोणत्या शब्दांत बोलावे आणि केव्हा बोलावे, हे त्याच्या कानावरून आत जात होते. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे हाल वाचले. ते चांगलेच झाले, जाते परत आणा असे मी मुळीच म्हणणार नाही. दोन पायल्या दळून हातांना आलेले फोड आठवणाऱ्या आज्या अजून आहेत. फक्त ती बोलण्याची जागा गेली आणि तिच्या ऐवजी दुसरी कोणती आली, याचा विचार आपण केलेला नाही.

त्याच गोदावरीच्या काठाने वर गेले की पैठण तालुक्यात आपेगाव लागते. ज्ञानेश्वरादी भावंडांचे हे गाव. त्यांच्याविषयीची एक कथा आपल्या प्रश्नाला अगदी नेमकी लागू पडते. तिच्यात वयाने मोठा गप्प झालेला आहे आणि धाकटी बोलते आहे. संन्याशाची मुले म्हणून लोकांनी हिणवले, त्या अपमानाने ज्ञानेश्वर खोपटात जाऊन बसले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. बाहेर मुक्ताबाई उभी. परंपरेप्रमाणे ती त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. तिने बाहेरून जी विनवणी केली, तेच ‘ताटीचे अभंग’.

आता ताटी म्हणजे काही सागवानी दार नव्हे. कामट्यांचा, कुडाचा हलकासा आडोसा. एका हाताने ढकलला असता तर बाजूला झाला असता. मुक्ताबाईने तो ढकलला नाही. ती बाहेर उभी राहून बोलत राहिली. कधी समजावले, कधी मोठेपणाची आठवण दिली, कधी लाडाने विनवले. आत बसलेल्याने आपल्या हाताने ताटी उघडावी, याची तिने वाट पाहिली. आपण मोठी माणसे अबोल लेकराच्या बाबतीत ताटी ढकलून देतो आणि त्याला ‘धीट करणे’ म्हणतो. शिवाय आपण स्वतःही कधीकधी ताटी लावून बसतो. आजोबा रुसून जेवत नाहीत, वडील कर्जाच्या काळजीने आठ-आठ दिवस बोलत नाहीत. अशा वेळी घरात जोरजोराने बोलणारी माणसे असून उपयोग होत नाही. बहुतेक वेळा ते लाजरे लेकरूच पाण्याचा तांब्या घेऊन जवळ जाऊन बसते. काही न बोलता बसणे त्याला चांगले जमते, कारण त्याचे आयुष्य त्यातच चाललेले असते.

लाजाळू मुलाची सर्वांत प्रांजळ हकिगत लिहून ठेवली ती महात्मा गांधींनी. शाळा सुटली की कोणी बोलायला थांबवू नये, आपली टिंगल करू नये, म्हणून ते धावत घरी जात. पुढे बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात साक्षीदाराला प्रश्न विचारायला उभे राहिले आणि त्यांचे डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचला नाही. खाली बसून त्यांनी दलालाला दुसरा वकील करायला सांगितले.

त्यांच्या आत्मकथेतील एक प्रसंग मी प्रत्येक आईबापाने वाचावा असे म्हणेन. वयाच्या पंधराव्या वर्षी मोहनने भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. भावाचेच कर्ज फेडायला. कर्ज फिटले, पण मन खाऊ लागले. वडिलांना सांगायचे ठरवले, पण तोंडाने सांगण्याचे धाडस होईना. मार बसेल ही भीती नव्हती. वडिलांनी त्यांना कधी मारले नव्हते. वडिलांना दुःख होईल ही भीती होती. शेवटी मुलाने चिठ्ठी लिहिली. गुन्हा कबूल केला, शिक्षा मागितली आणि आपल्या अपराधासाठी वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये, अशी विनंती केली. वडील करमचंद भगंदराच्या दुखण्याने लाकडी पाटावर पडून होते. मुलाने थरथरत्या हाताने चिठ्ठी दिली आणि समोर बसला. वडिलांनी उठून बसून ती वाचली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, कागद भिजला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. एक शब्द बोलले नाहीत.

काय शिकला मुलगा? अहिंसेचा पहिला प्रत्यक्ष पाठ, असे त्यांनीच पुढे लिहिले. पण मला वडिलांविषयी बोलायचे आहे. करमचंद गांधी रागीट होते, हेही मुलानेच लिहून ठेवले आहे. ते रागावतील, कठोर बोलतील, कपाळ बडवून घेतील, असे त्याला वाटले होते. तसे काही झाले नाही. मुलाने चिठ्ठीने कबुली दिली आणि बापाने चिठ्ठी फाडून क्षमा दिली. मुलगा ज्या भाषेत बोलला, त्याच भाषेत बापाने उत्तर दिले. त्यांनी जर म्हटले असते, ‘चिठ्ठी काय लिहितोस, तोंडाने सांग,’ तर तेही न्यायाला धरून झाले असते. फक्त त्या मुलाने पुन्हा कधी काही सांगितले असते की नाही, कोण जाणे.

पवित्र शास्त्रातली बाल शमुवेलाची कथा आपण दरवर्षी ऐकतो, पण तिचा दुसरा अर्धा भाग आपल्या लक्षात राहत नाही. रात्री हाक ऐकून मुलगा तीनदा म्हाताऱ्या एलीकडे धावला; एलीला उमगले की हाक देवाची आहे आणि त्याने उत्तर कसे द्यावे ते शिकवले. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे असे की शमुवेलाला मिळालेला निरोप एलीच्याच घराविरुद्ध होता, त्याच्या मुलांच्या वागण्याविषयी होता. मुलगा सकाळपर्यंत पडून राहिला. उठून त्याने मंदिराची दारे उघडली, नेहमीचे काम केले, पण एलीला सांगायची त्याला भीती वाटली. तेव्हा एलीने स्वतः त्याला बोलावले आणि माझ्यापासून काही लपवू नकोस असे बजावले. मुलाने सारे सांगितले. म्हाताऱ्याने ते ऐकले आणि देवाची इच्छा म्हणून स्वीकारले. एलीने आपल्या मुलांना आवरले नाही, हा त्याचा दोष शास्त्र लपवत नाही. पण त्या सकाळी आपल्याविरुद्धचे कटू सत्य एका लहान मुलाच्या तोंडून ऐकायची त्याची तयारी होती. लेकरांना ‘खरे बोला’ असे शिकवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची तेवढी तयारी आहे?

तीमथ्याचेही तसेच. आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासात वाढलेला हा तरुण स्वभावाने बुजरा असावा, असे पौलाच्या पत्रांवरून वाटते. पौलाने त्याला भित्रेपणा सोडण्याविषयी लिहिले, हे आपण नेहमी सांगतो. पण करिंथकरांनाही त्याने लिहिले आहे की तीमथ्य आला तर त्याला तुमच्यात निर्भयपणे राहता येईल असे पाहा. एक सूचना बुजऱ्याला आणि एक सूचना त्याच्या भोवतालच्या माणसांना. आपण पहिलीच तेवढी देतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, फादर, लेकराला इतके जपत बसलो तर ते जगाच्या बाजारात टिकणार कसे? हा आक्षेप मी खरा मानतो.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘श्यामची आई’ आठवा. श्याम पाण्याला भितो, पोहायला जायचे टाळून लपून बसतो. आई त्याला शिंपटीने मारून विहिरीवर धाडते. मुलगा पाण्यात उतरतो आणि परत येतो तेव्हा त्याच्या पाठीवरचे वळ पाहून आईचेच डोळे भरतात. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. शिंपटीचे समर्थन मी करणार नाही. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणे बंदच केले आहे. पण त्या आईचा सगळा विचार चुकीचा होता, असेही म्हणवत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांपासून मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. नवे खेळणे, नवा आवाज, नवा वास यांनी साधारण पाचातले एक बाळ फार अस्वस्थ होते, हातपाय झाडते, रडते; अशांपैकी बरीच पुढे लाजरी, बुजरी निघतात. म्हणजे हा स्वभाव पुष्कळसा जन्माबरोबर येतो, तो आईबापांचा दोष नाही. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की अशा बाळाला प्रत्येक धास्तीपासून झाकून ठेवणाऱ्या घरांपेक्षा, त्याला बेताबेताने नव्या गोष्टींना तोंड देऊ देणाऱ्या घरांत त्याची भीती लवकर ओसरली.

तेव्हा लेकराला पुढे ढकलणे सर्वस्वी वाईट असे नाही. मी दोन गोष्टी पाहतो. एक, ढकलणे लेकराच्या गरजेसाठी आहे की आपल्या हौसेसाठी? पोहणे, दुकानातून वाणसामान आणणे, एसटीत कंडक्टरकडे तिकीट मागणे, शिक्षकांना शंका विचारणे, या गोष्टी त्याला आयुष्यभर लागणार आहेत. पाहुण्यांपुढे कविता म्हणणे त्याला लागत नाही, ते आपल्याला लागते. दुसरी, ढकलल्यावर परत येऊन वळ दाखवायला त्याला जागा आहे का? श्यामला होती. ज्या लेकराला ती नसते, ते पोहायला शिकते खरे, पण घरापासून तुटते.

अबोल आणि दबलेले यांतला फरक मी सुरुवातीला सांगितला, तो इथे जिवावरचा ठरतो. हसते-खेळते लेकरू एकाएकी गप्प झाले, एखाद्या विशिष्ट माणसाच्या घरी जायला नको म्हणू लागले, झोपेत दचकू लागले, तर त्याला ‘लाजतंय’ म्हणून सोडून देणे हा गुन्हा आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. लेकरांवर अत्याचार करणारा पुष्कळदा ओळखीतला, नात्यातला, विश्वासातला माणूस असतो आणि तो लाजऱ्या लेकराचीच निवड करतो, कारण ते बोलणार नाही हे त्याला माहीत असते. २०१२ चा पॉक्सो कायदा अशी गोष्ट माहीत असून लपवणाऱ्यालाही दोषी धरतो. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. घराण्याचे नाव, देवळाचे नाव, चर्चचे नाव, यांतले काहीही त्या लेकरापेक्षा मोठे नाही. ज्या घरात मोठ्यांनी एलीसारखे ‘लपवू नकोस’ असे आधीच सांगून ठेवलेले असते आणि ऐकल्यावर लेकरालाच खोटे पाडायचे नाही हे ठरवलेले असते, त्या घरातल्या मुखदुर्बळ लेकरालाही कोणाला सांगावे हे कळते.

आता आपल्या भागातल्या एका गोष्टीकडे येतो, जिच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतील अनेक गावे दसरा-दिवाळीनंतर अर्धी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. काही लेकरे बरोबर जातात, पाचटाच्या कोपीत राहतात, शाळा बुडते. काहींना आईबाप आजी-आजोबांपाशी ठेवून जातात. त्यांच्यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली. ती कुठे चालते आणि कशी चालते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण योजना असो वा नसो, संध्याकाळी त्या घरात उरतात ती एक म्हातारी, एक म्हातारा आणि एक लेकरू.

अशा लेकरांत बुजरेपणा फार दिसतो. दरवर्षी सहा महिने एक घर, सहा महिने दुसरे; कोणाला ‘माय’ म्हणायचे आणि कोणापाशी हट्ट करायचा याचा हिशेब त्याला सारखा बदलावा लागतो. शाळेत गुरुजींनी विचारले तर उत्तर येत असून सांगत नाही. पण त्याच लेकराला घरी पाहावे. आजीला अक्षरओळख नसते. गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव तेच वाचते. श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाल्याचा मोबाईलवरचा संदेश तेच वाचून सांगते. बँकेत आजीबरोबर जाते. वर्गात तोंड न उघडणारे ते दहा वर्षांचे पोर तिथे खिडकीशी टाचा उंचावून विचारते, ‘साहेब, आजीचा अंगठा उमटंना, काय करावं?’ स्वतःसाठी ज्याचे तोंड उघडत नाही, त्याचे दुसऱ्यासाठी उघडते. भाषणाच्या स्पर्धेने जे साधले नसते, ते आजीच्या अंगठ्याने साधते.

आणि आजी काय देते? शेळीची धार कशी काढायची, जोंधळा कसा पाखडायचा, कोणत्या घरी रिकाम्या हाताने जायचे नाही, कर्ज कोणाकडून घ्यायचे नाही. यांतले बरेचसे ती बोलून सांगतच नाही. ती करत असते आणि ते पाहत असते. बडबड्या लेकराकडून या गोष्टी पुष्कळदा निसटतात. गप्प लेकराच्या नजरेतून काही सुटत नाही. आजीची दृष्टी कमी होत चालली आहे, हे बहुधा त्यालाच सर्वांत आधी कळते, कारण तांदूळ निवडताना खडे राहू लागलेले त्याने पाहिलेले असतात. मग ते काही न बोलता सूप आपल्याकडे ओढून घेते. तिचा मान राहतो आणि काम होते. हे त्याला कोणी शिकवले असेल, तर तिनेच, कधीतरी, त्याचे फाटलेले दप्तर रात्रीतून शिवून ठेवून.

गेल्या हंगामात अशाच एका घरी संध्याकाळी बसलो होतो. फडावरून बापाचा फोन आला. दिवसभर मोळ्या वाहून थकलेला आवाज. आजीने फोन नातवाच्या कानाला लावला. ‘बोल की रं, बाप हाय.’ लेकरू बोलेना. फोन घट्ट धरून नुसते ऐकत राहिले. पलीकडचा बापही त्याला ‘बोल, बोल’ म्हणाला नाही. तोच हळूहळू काहीबाही सांगत राहिला, बैलाने काय केले, पाऊस कसा झाला. मग आजीने फोन घेतला आणि लेकाला घरचे सांगू लागली. शेळी व्याली म्हणाली, एक पाट झाली. तेव्हा लेकरू तिच्या पदराशी आले, फोनपाशी तोंड नेले आणि हळूच म्हणाले, ‘एक न्हाई, दोन.’

— आपला धर्मगुरू